अंबादेवीच्या गुहेतली गेरूची चित्रे

पौष पौर्णिमेला म्हशाच्या खांबलिंगेश्वराची यात्रा भरली की शहापूर-मुरबाडकडची माणसे बैल बघायला, घोंगडी घ्यायला आणि देवाला नारळ वाढवायला निघतात. देवाच्या निमित्ताने माणूस वाट तुडवतो, ही आपली जुनी रीत. अशीच एक देवीची वाट सातपुड्याच्या डोंगरात जाते. त्या वाटेवर देवीसोबत आणखी एक ठेवा आहे, त्याची ही हकिकत.

अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्याच्या उत्तरेला महाराष्ट्राची हद्द संपते आणि मध्य प्रदेशचा बैतूल जिल्हा लागतो. तिथे धारूळ गावाजवळच्या डोंगरात अंबादेवीची गुहा आहे. जवळच सालबर्डीला महादेवाची गुहा असून महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. दोन्हीकडचे भाविक इथे वर्षानुवर्षे येत आले. परंतु या डोंगरातल्या खडकांवर फार प्राचीन चित्रे आहेत, याची नोंद झाली ती 2007 साली. अमरावतीचे डॉ. विजय इंगोले आणि त्यांचे निसर्गप्रेमी सोबती डोंगर हिंडत असताना ती त्यांच्या नजरेस पडली. पुढे शोध घेत गेल्यावर आसपासच्या कपारींमध्येही कितीतरी चित्रे सापडली.

याआधी 1957 साली डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर यांना आगगाडीतून जाताना भोपाळजवळचे भीमबेटकाचे खडक दिसले होते. ते तिथे गेले आणि चित्रांचे भांडारच उघडे झाले. 2003 साली भीमबेटकाला जागतिक वारशाचा मान मिळाला. तिथली कित्येक चित्रे हजारो वर्षांपूर्वीची मानली जातात. तेव्हा माणूस शिकार करून आणि कंदमुळे खणून पोट भरत होता. नांगर अजून यायचा होता.

चित्रे कशाची? रानातल्या जनावरांची आणि माणसांची. रंग बहुतेक लाल आणि पांढरा. लाल रंग म्हणजे आपला गेरूच! गेरूत लोखंडाचा गंज असतो. तो उन्हाने सहसा विटत नाही आणि खडकाच्या बारीक छिद्रांत मुरून बसतो. वर कपारीचे छप्पर, त्यामुळे पावसाचा मारा कमी. म्हणून हे रंग इतका काळ टिकले.

मायबहिणींनो, आपल्या ठाणे-पालघरकडे वारली घरात लग्न निघाले की सवाष्णी तांदळाच्या पिठाने भिंतीवर देवचौक काढतात आणि त्यात पालघट देवी बसवतात. त्रिकोणाला त्रिकोण जोडून माणूस उभा करतात. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी हीच कला जगभर नेली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. आता या चौकाचे आणि त्या गुहांचे थेट नाते आहे असे म्हणता येणार नाही. पण एक फरक ध्यानात घ्यावा. कुडाची भिंत पडली तरी देवचौक मरत नाही. पुढच्या लग्नात तो नव्याने उमटतो, कारण तो सवाष्णीच्या हातात आहे. गुहेतले चित्र काढणारा हात मात्र केव्हाच गेला. ते एकदा पुसले की कायमचे पुसले.

आणि ते पुसायला वाईट माणूसच लागतो असे नाही. साधा भाविकही नकळत पुसतो. देवाची भिंत म्हणून कोणी चुना फासतो, कोणी तेल-शेंदूर लावतो. कपारीत चूल मांडली की धुराची काजळी चढते. चित्र ठळक दिसावे म्हणून कोणी पाणी मारतो, कोणी खडूने गिरवतो. पोरेसोरे दगडाने आपले नाव कोरतात. हजारो वर्षे टिकलेली रेघ अशी एका दुपारी नाहीशी होते.

तेव्हा देवाला शेंदूर देवाच्या ठिकाणीच लावावा. चित्राच्या भिंतीला हात लावू नये, पाणी मारू नये, स्वयंपाक कपारीबाहेर उघड्यावर करावा. संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परंतु डोंगरातल्या प्रत्येक कपारीपाशी पहारेकरी बसवता येत नाही. तिथली राखण गावालाच करावी लागते.

आपल्या मुरबाडकडे गुहेला गडद म्हणतात. सोनावळ्याजवळ गणपती गडद आहे, वर नाणेघाटात सातवाहनांचा शिलालेख आहे. गुरे चारताना एखाद्या अनोळखी कपारीत रंगाच्या रेघा किंवा अक्षरे दिसली, तर खरवडून पाहू नका. जागा ध्यानात ठेवा, ग्रामपंचायतीत सांगा आणि पुरातत्त्व खात्याला कळवायला लावा. येत्या यात्रेला पोरांना घेऊन निघाल तेव्हा हेही त्यांच्या कानावर घाला. देवाला हात जोडावेत, आणि भिंतीला हात लावू नये.