रोडग्यातून शिक्षण

पवनार म्हटले की धाम नदीचा खडकाळ काठ आणि त्यावरचा परंधाम आश्रम डोळ्यांपुढे येतो. विनोबा तेथे राहावयास गेले 1938 साली. त्याच्या आदल्या वर्षी, 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी, वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली होती. तिने नेमलेल्या झाकिर हुसेन समितीत विनोबाही होते. मुलाच्या हाताला उपयोगी काम द्यावे आणि गणित, विज्ञान, भूगोल त्या कामातूनच शिकवावे, हा त्या योजनेचा गाभा. काम आणि विषय यांच्या या जोडणीला नयी तालीमची मंडळी ‘समवाय’ म्हणत. सुरुवात टकळी-चरख्यापासून झाली, पण सेवाग्रामात स्वयंपाकघरही शाळेचाच भाग ठरले. तेथे 2005 मध्ये पुन्हा सुरू झालेल्या आनंद निकेतन शाळेतही शेती आणि स्वयंपाक हे शिकण्याचेच विषय आहेत.

आता यासाठी सेवाग्रामलाच जायला पाहिजे असे नाही. सहावी-सातवीतले पोर घरी आहे, घरात कणिक आहे, आणि अंगणात चार गोवऱ्या पेटवायला जागा आहे, एवढे पुरते. पाव भाजण्याची भट्टी आपल्याकडे घरोघर नसते, पण आपल्या वऱ्हाड-नागपूरकडे रोडगे आहेतच की! इतर भागांतल्या श्रोत्यांसाठी सांगतो: गव्हाची जाडसर कणिक मोहन घालून घट्ट भिजवायची, लहान लहान पोळ्या लाटून त्यांना तेल लावून एकावर एक ठेवायच्या, वरून एका पोळीने गुंडाळून गोळा करायचा आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत खरपूस भाजायचा. मग राख झटकून, फोडून, वर तूप, आणि सोबत वरण नि वांग्याची भाजी.

पहिला पाठ तराजूचा. समजा, एक किलो कणिक घेतली आणि पाणी-तेल धरून गोळा भरला 1600 ग्रॅम. त्याचे 20 रोडगे केले तर प्रत्येक 80 ग्रॅमचा. हे पोराने आधी वहीत मांडावे, मग तोलून पाहावे. एक 95 भरेल, एक 65 भरेल, आणि सरासरी म्हणजे काय हे न सांगता कळेल. पाहुणे आले, 24 रोडगे पाहिजेत, तर कणिक किती? हेच त्रैराशिक. पुस्तकातले उत्तर चुकले तर लाल फुली मिळते. इथे चुकले तर कोणीतरी अर्धपोटी उठतो. म्हणून मूल हे गणित पुन्हा तपासते, कोणी सांगावे लागत नाही.

भाजून झाल्यावर तोच रोडगा, राख झटकून, पुन्हा तोलावा. समजा 80 चा 70 झाला. दहा ग्रॅम गेले, म्हणजे आठवा हिस्सा, म्हणजे साडेबारा टक्के. पण गेले कुठे? हा प्रश्न विचारून आईने किंवा गुरुजींनी थोडे गप्प बसावे. ‘जळले असेल’ असे उत्तर येईल. मग भाजतानाच एक रोडगा फोडून दाखवावा; आतून वाफ निघते. पाण्याची वाफ झाली की ती पाण्याच्या सोळाशे पटींहून अधिक जागा मागते. तिच्याच रेट्याने तेल लावलेले पदर सुटे होतात, आणि पोळी फुगते तीही याच जोरावर. आत पाणी आहे तोवर रोडग्याचे पोट साधारण शंभर अंशांच्या वर तापत नाही. वरची साल मात्र कोरडी पडून त्याहून पुष्कळ तापते, म्हणून ती तांबूस आणि खमंग होते.

आठवीतल्या मुलाला आणखी एक कोडे घालावे. रोडगा दुप्पट व्यासाचा केला तर कणिक किती लागेल? दुप्पट नव्हे, आठपट. आणि साल फक्त चौपट. धग शिरते ती सालीतून, म्हणून मोठा गोळा बाहेरून करपतो आणि आत कच्चा राहतो. गावातली कोणतीही बाई हे हाताने जाणते. तिने घनफळ हा शब्द ऐकलेला नसेल, पण लेकराने तिच्याकडून हे शिकावे आणि शाळेत जाऊन सांगावे. रोडगे मुलानेही करावेत बरे का. ‘हे मुलींचे काम’ असे म्हणून अर्धा वर्ग या पाठाबाहेर ठेवणारे गुरुजी मला पटत नाहीत.

आता ज्वारीकडे वळू. ज्वारीच्या पिठाचे असे पदर का होत नाहीत? भिजवलेल्या कणकेचा लिंबाएवढा गोळा पाण्यात हळूहळू मळून धुवावा. पाणी पांढरे होते, आणि हातात रबरासारखा चिकट लगदा उरतो. त्याला ग्लुटेन म्हणतात. ज्वारीचा गोळा तसाच धुतला तर सगळा विरघळल्यागत निघून जातो, हातात तसे काही राहत नाही. म्हणूनच भाकरीला उकळते पाणी घ्यावे लागते. त्याने पिठातला स्टार्च फुगून चिकटपणा येतो. पांढऱ्या पाण्यात आयोडीनचा थेंब टाकला की निळे-काळे होते, ते याच स्टार्चमुळे. आयोडीन टाकायच्या आधीचे पाणी गुरांना द्यावे, वाया घालवू नये.

भूगोल ओघानेच येतो: ज्वारी पावसाळ्याची, गहू हिवाळ्याचा, आणि जिल्ह्यात सोयाबीन का पसरले हे आजोबांना विचारले तर धड्यापेक्षा जास्त कळेल. मराठीच्या तासाला एकनाथांचे भारूड घ्यावे. सासरची माणसे दूर व्हावीत म्हणून भवानीला रोडगा कबूल करणारी ती बाई मुलांना फार आवडते, आणि तिच्या तोंडून नाथ खरे काय मागतात यावर वर्ग चांगला रंगतो.

मात्र ओढूनताणून काही आणू नये. रोडग्यावरून अकबराच्या दरबारात जाणारा समवाय मुलांना लगेच ओळखू येतो. एका वेळी एकच प्रश्न घ्यावा, आणि रोडगे करपू लागले तर धडा थांबवून आधी रोडगे काढावेत. विस्तवाजवळ मोठे माणूस हवेच. सैल कपडे नकोत, आणि निखारे चिमट्यानेच हलवावेत. गॅसवर करणाऱ्यांनी जाड बुडाच्या भांड्यात झाकून मंद आंचेवर भाजावे. धुराचा वास येणार नाही, पण तराजूचे धडे सगळे तसेच होतील.

दुसऱ्या दिवशी चुलीतली लाकडाची थंड राख पाण्यात कालवून निवळी घ्यावी आणि हळद लावलेल्या कागदावर तिचा थेंब सोडावा. कागद लालसर होईल. त्यावर लिंबू पिळले की पुन्हा पिवळा. हळदीचे कुंकू कसे होते, हे पोराने मग आजीला विचारावे.