सामू मापकाचे अंशशोधन

सामू मापकाचे (पीएच मीटर) अंशशोधन म्हणजे ज्ञात सामू असलेल्या बफर द्रावणांच्या साहाय्याने उपकरणाचे वाचन बरोबर करून घेण्याची प्रक्रिया होय. सामू ही संकल्पना डेन्मार्कचे रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये मांडली.

तत्त्व

सामू मापक काचेच्या इलेक्ट्रोडवर निर्माण होणारे विभवांतर मोजतो. २५° सेल्सिअसला सामू एका एककाने बदलल्यास हे विभवांतर सुमारे ५९.१६ मिलिव्होल्टने बदलते. या प्रमाणास उतार म्हणतात. इलेक्ट्रोड जुना किंवा मलिन झाल्यास उतार घटतो, म्हणून वेळोवेळी अंशशोधन करावे लागते.

बफर द्रावणे

थोडे आम्ल किंवा अल्कली मिसळली तरी ज्याचा सामू फारसा बदलत नाही, असे द्रावण म्हणजे बफर. पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट (४.०१), फॉस्फेट (६.८६) आणि बोरॅक्स (९.१८) ही प्रमाण द्रावणे प्रचलित आहेत. कंसातील मूल्ये २५° सेल्सिअसची असून तापमानानुसार ती बदलतात. बोरॅक्स बफरचा सामू ३०° सेल्सिअसला सुमारे ९.१४ असतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषल्याने त्याचा सामू उतरतो, म्हणून बाटली घट्ट बंद ठेवतात.

पद्धत

इलेक्ट्रोड ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन मऊ कागदाने टिपतात, घासत नाहीत. प्रथम ६.८६ च्या बफरवर वाचन जुळवतात. त्यानंतर नमुना आम्लधर्मी असल्यास ४.०१, अल्कधर्मी असल्यास ९.१८ चे बफर वापरून उतार निश्चित करतात. वापरलेले बफर पुन्हा बाटलीत ओतत नाहीत. काम संपल्यावर इलेक्ट्रोड पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवतात.

खार जमिनींतील महत्त्व

पनवेल येथे दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे खार जमीन संशोधन केंद्र असून तेथे क्षारसहिष्णू भातावर संशोधन होते. क्षारांचे प्रमाण जास्त, परंतु सामू ८.५ पेक्षा कमी असलेली जमीन क्षारयुक्त मानतात. ती गोड्या पाण्याने क्षार धुऊन सुधारता येते. विनिमयक्षम सोडियम जास्त असलेल्या चोपण जमिनीचा सामू साधारणतः ८.५ च्या वर असतो व तिला जिप्समची गरज भासते.

उतार ९० टक्क्यांवर आलेला मापक केवळ ७ च्या बफरवर जुळवल्यास ८.६ सामूची माती सुमारे ८.४ दाखवते. अशा वेळी चोपण जमीन क्षारयुक्त समजली जाऊन चुकीचा उपचार होण्याची शक्यता असते.