सावरणाऱ्या यंत्रानेच पाडलेलं जाळं

१५ जानेवारी १९९०, दुपारी अडीचच्या सुमारास न्यूयॉर्कमधल्या ‘एटी अँड टी’च्या एका टेलिफोन स्विचमध्ये किरकोळ बिघाड झाला. कॉल कोणत्या मार्गाने न्यायचा हे ठरवणारा हा संगणक. ‘मला कॉल पाठवू नका’ असा निरोप शेजारच्या स्विचना देऊन तो काही सेकंद बाजूला झाला आणि सावरून पुन्हा कामाला लागला. इथवर सगळं चोख होतं.

घात झाला तो परतल्यावर. त्याच्याकडून कॉल येऊ लागताच शेजारी ‘हा पुन्हा सुरू झाला’ अशी नोंद करू लागले. ती नोंद चालू असतानाच, सेकंदाच्या शंभराव्या भागात त्याचा दुसरा निरोप येऊन थडकला, तर प्रोग्राममधल्या भलत्या जागी पडलेल्या एका ‘ब्रेक’ आदेशामुळे मेमरीतली माहिती बिघडायची. मग तो शेजारीही रीसेट व्हायचा आणि सावरून परतताना पुढच्यांना पाडायचा. देशभरातले ११४ स्विच नऊ तास असे पडत-उठत राहिले. कंपनीचे जवळपास निम्मे कॉल लागलेच नाहीत.

प्रत्येक स्विचमध्ये राखीव प्रोसेसर होता. पण त्यातही तोच प्रोग्राम, तीच चूक. एकाच किल्लीने उघडणारी दोन कुलपं लावून घर सुरक्षित होत नाही. महिनाभरापूर्वीच सगळीकडे एकसारखी नवी आवृत्ती बसवली होती, आणि तीही बिघाडातून लवकर सावरता यावं म्हणून! अखेर अभियंत्यांनी स्विचमधल्या निरोपांची वर्दळ कमी केली, तेव्हा जाळं थाऱ्यावर आलं.

१९ जुलै २०२४ रोजी हाच एकसारखेपणा पुन्हा नडला. ‘क्राउडस्ट्राइक’ या सुरक्षा-कंपनीची एक सदोष फाइल एकाच वेळी जगभर गेली. ७८ मिनिटांत ती मागे घेतली, तरी मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. जगातल्या विंडोज संगणकांत हा वाटा एक टक्क्याहून कमी; पण ते विमानतळ, रुग्णालयं, बँका अशा मोक्याच्या जागी होते. भारतात काही विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. संगणक सुरूच होत नसल्याने कित्येक ठिकाणी दुरुस्तीसाठी माणसाला एकेका यंत्रापाशी जावं लागलं.

त्यानंतर कंपनीने अशा फाइली टप्प्याटप्प्याने पाठवायला सुरुवात केली. पण हे कंपन्यांच्या मर्जीवर सोडणं मला धोक्याचं वाटतं. रुग्णालयांनी, बँकांनी करारातच लिहून घ्यावं: नवा बदल आधी किती यंत्रांवर जाणार, किती वेळ थांबणार, आणि तो रोखण्याचा अधिकार कोणाकडे.