छातीत दुखतंय? ‘सकाळी पाहू’ म्हणू नका!

अमरावतीचा फ्रेजरपुरा असो की अकोल्याचे अकोट फैल, बीपी तपासायला गेलो की आम्हाला हमखास ऐकू येते, “ताई, रातभर छातीत दुखत होतं. गॅस झाला म्हणून ओवा-सोडा घेतला.” दुखणे हृदयाचे असेल, तर रातभर थांबल्याने काय होते?

हृदयाच्या स्नायूलाही रक्त लागते. ते पोचवणारी वाहिनी गुठळीने बंद झाली की स्नायू मरू लागतो. माणसाची वाहिनी मुद्दाम बंद करून पाहता येत नाही, म्हणून हा अभ्यास प्राण्यांवर झाला. १९७७ साली अमेरिकेत रायमर, जेनिंग्ज आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांना भूल देऊन हृदयाची एक वाहिनी बांधली. ४० मिनिटांनी सोडली, तर रक्त तुटलेल्या भागातला ३८ टक्के स्नायू मेला. ३ तासांनी सोडली तर ५७ टक्के, ६ तासांनी ७१ टक्के. सोडलीच नाही, तेव्हा ८५ टक्के. म्हणजे स्नायू एकदम मरत नाही. आतल्या थरापासून बाहेर मरत जातो.

कुत्र्याचे हृदय माणसाचे नव्हे. कुत्र्यात आडवाटेने रक्त पोचवणाऱ्या बारीक वाहिन्या बऱ्याच असतात. डुकरात फार कमी, म्हणून तिथे स्नायू लवकर मरतो. त्यामुळे मिनिटांचा हिशेब आपल्याला जसाच्या तसा लागू नाही. पण वेळेचे महत्त्व माणसातही दिसले. १९८६ साली इटलीत ११ हजारांवर रुग्णांच्या अभ्यासात, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या तासात मिळालेल्यांचे मृत्यू जवळपास निम्म्याने घटले.

अर्जुनसालीचे काय? तिचे प्रयोग बरेचसे उंदरांवर आहेत. त्यांत साल सहसा आधी काही दिवस देतात, मग इंजेक्शनने हृदयाला इजा करतात. झटका आल्यावर काढ्याने बंद वाहिनी उघडते, असे त्यातून सिद्ध होत नाही.

म्हणून छातीवर दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम अशी लक्षणे दिसली की लगेच १०८ ला फोन करा. बाया आणि शुगरवाल्यांना कधी छातीत दुखतही नाही. नुसता दम लागतो, मळमळते, गळून जायला होते. रुग्णाला चालवू नका, दुचाकीवर बसवू नका. अमरावतीत इर्विन, अकोल्यात सर्वोपचार रुग्णालय गाठा आणि आधी ईसीजी काढायला सांगा. तो चांगला आला तरी दुखणे थांबले नसेल, तर घरी परतू नका. पुन्हा काढायला सांगा.

गॅस निघाला तर एक फेरी वाया जाईल. झटका निघाला तर घरचा माणूस वाचेल.