रेफ हीपवर जातो तरी कधी?

फंक्शनल भाषांत बदलणारे काही नसतेच, असे अनेकांना पहिल्याच धड्यात सांगितले जाते. ते बरोबर नाही. ओकॅमल, स्टँडर्ड एमएल आणि हॅस्केल या तिन्ही भाषांत बदलता संदर्भ आहे. तो फक्त स्पष्टपणे मागून घ्यावा लागतो. ओकॅमलमध्ये त्याला रेफ म्हणतात. ‘कंटेंट्स’ नावाचा एकच बदलता घटक असलेला हा साधा रेकॉर्ड आहे.

गैरसमज: रेफ लिहिला की हीपवर जागा गेलीच.

व्याख्येनुसार तसे व्हायला हवे. ६४ बिटांच्या यंत्रावर रेफला १६ बाइट लागतात: ८ हेडरचे, ८ आतल्या मूल्याचे. पण अॅरेतल्या पूर्णांकांची बेरीज करायला फंक्शनमध्ये एक रेफ घेतला आणि फॉर लूपमध्ये तो वाढवत नेला, तर ओकॅमलचा नेटिव्ह कंपायलर ती जागा घेतच नाही. तो एवढेच पाहतो की हा रेफ फक्त वाचला आणि लिहिला जातो आहे, की तो स्वतःच कुठे बाहेर चालला आहे. दुसऱ्या फंक्शनला दिलेला नाही, कशात साठवलेला नाही, परत केलेला नाही, क्लोजरमध्ये अडकलेला नाही, एवढे दिसले की रेफ पुसून त्याच्या जागी साधे स्थानिक चल येते, आणि ते शक्यतो रजिस्टरमध्ये बसते. स्टँडर्ड एमएलच्या एमएलटन या कंपायलरमध्येही याच कामासाठी स्वतंत्र टप्पा आहे.

हे वाचून कोणी म्हणेल, की कंपायलर चोरून सी भाषेची नक्कल करतो. मला यातली उलटी बाजू फार सुंदर वाटते. सी भाषेचे आजचे कंपायलर आतल्या आत प्रत्येक नेमणुकीला नवे नाव देतात, म्हणजे एक नाव एकाच ठिकाणी भरले जाते. या मांडणीला एसएसए म्हणतात. अँड्र्यू अॅपल यांनी १९९८ साली एका छोट्या लेखात दाखवले, की ही मांडणी म्हणजे फंक्शनल प्रोग्रॅमिंगच आहे: लूप म्हणजे स्वतःलाच बोलावणारे फंक्शन, आणि लूपमध्ये बदलत जाणारे चल म्हणजे त्या फंक्शनचा पॅरामीटर. म्हणजे बाहेर न जाणारा रेफ आणि पुनरावर्ती फंक्शनमधला संचयक पॅरामीटर, दोन्ही अखेर जवळपास त्याच यंत्रसूचनांपाशी पोचू शकतात.

गैरसमज: मग काळजीच नको, कंपायलर सगळे रेफ काढून टाकतो.

तीच बेरीज यादीवर लिस्ट.इटर वापरून, म्हणजे प्रत्येक घटकावर एक निनावी फंक्शन चालवून, लिहिली की चित्र पालटते. आता रेफ त्या निनावी फंक्शनच्या क्लोजरमध्ये पकडला जातो आणि साधा कंपायलर तिथेच थांबतो: हा खरा रेफ आहे, हीपवरच राहील. ओकॅमल ४.०३ मध्ये, २०१६ साली, आलेला फ्लॅम्डा हा ऑप्टिमायझर थोडे पुढे जातो. क्लोजर वापराच्या जागी उलगडता आले, तर त्यानंतर मोकळा झालेला रेफही तो चलात बदलतो. उलगडता आले नाही, तर रेफ राहतो. लिस्ट.इटर स्वतः पुनरावर्ती असल्यामुळे तिथे भरवसा ठेवू नये.

गैरसमज: जागच्या जागी बदल करणे नवे मूल्य बनवण्यापेक्षा नेहमीच स्वस्त.

सी भाषेतून आलेल्यांना हे खोटे असल्याचे पटायला सर्वांत जड जाते. ओकॅमलचा गार्बेज कलेक्टर तरुण आणि जुन्या वस्तू वेगळ्या ठेवतो. नवी वस्तू बनवणे म्हणजे एक पॉइंटर थोडा सरकवणे आणि शब्द भरणे, इतकेच. पण हीपवरच्या जुन्या रेफमध्ये नव्या वस्तूचा पॉइंटर लिहिला, तर कलेक्टरला ते कळायलाच हवे, नाहीतर ती जिवंत वस्तू कचऱ्यात जाईल. म्हणून अशी प्रत्येक नेमणूक ‘कॅमल_मॉडिफाय’ या रनटाइममधल्या फंक्शनमधून जाते. हीपवरच्या रेफमध्ये लूपभर यादी वाढवत नेण्यापेक्षा ती पॅरामीटर म्हणून पुढे देणे त्यामुळेच बहुधा स्वस्त पडते. पूर्णांकाचे तसे नाही. तो पॉइंटर नसल्याने, प्रकार माहीत असला की कंपायलर थेट लिहितो.

हॅस्केलमध्ये हिशोब आणखी वेगळा. तिथला बदलता संदर्भ म्हणजे आयओरेफ; जीएचसी हा कंपायलर तो सहसा हीपवरच ठेवतो, आणि त्यातला पूर्णांकही वेगळ्या वेष्टनात असतो. त्यात मॉडिफायआयओरेफ आळशी असल्याने न केलेल्या बेरजांचा ढीग साचतो. आकडे मोजायला त्याचे काटेकोर भावंड वापरावे. मात्र आयओमध्ये ‘जगाची स्थिती’ हातोहात दिली जाते म्हणून आयओ मंद, हा समज खोटा आहे. ती स्थिती म्हणजे कंपायलरने क्रियांचा क्रम राखावा यासाठीचे नुसते चिन्ह असते, चालत्या प्रोग्रॅममध्ये त्याला जागा लागत नाही.

ओकॅमलमध्ये आपला रेफ उरला की पुसला गेला, हे पाहायला डीलॅम्डा हा पर्याय देऊन कंपाइल करावे. कंपायलर मधले रूप छापतो. त्यात त्या रेफच्या जागी ‘मेकम्युटेबल’ दिसले, तर या टप्प्यापर्यंत तरी तो पुसला गेलेला नाही.