लाटेचं वजन

स्कॉटलंडच्या पश्चिमेला टायरी बेट आहे. तिथून नैर्ऋत्येला सुमारे १९ किलोमीटरवर, थेट अटलांटिकच्या तोंडावर, स्केरीव्होर हा खडक. ॲलन स्टीव्हन्सन या अभियंत्याने १८३८ मध्ये तिथे दीपगृहाचं काम हाती घेतलं. पहिल्याच हंगामात कामगारांसाठी लाकडी निवारा उभा राहिला आणि नोव्हेंबरच्या वादळात वाहूनही गेला. मागे उरले ते पिळवटलेले लोखंडी गज. माणसं हिवाळ्यासाठी आधीच परतली होती, म्हणून वाचली.

त्याआधी एडिस्टनच्या दीपगृहात जॉन स्मीटन या अभियंत्याने खाचा पाडून दगड एकमेकांत गुंतवले होते. ॲलनने त्यापेक्षा भरवसा ठेवला तो वजनावर. चार वक्र पडताळून त्याने हायपरबोला निवडला. मनोरा बुडाशी रुंद आणि जड, त्यामुळे गुरुत्वमध्य खाली राहिला. असा ४८ मीटर उंचीचा हा ग्रॅनाइटचा मनोरा १ फेब्रुवारी १८४४ रोजी उजळला.

पण लाटेचा जोर नेमका किती? तोवर सगळा अंदाजाचाच कारभार. ॲलनचा धाकटा भाऊ थॉमस (कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचे हे वडील) याने तो मोजायचं साधं यंत्र केलं. खडकाला पक्कं बसवलेलं लोखंडी नळकांडं, समुद्राकडे तोंड केलेली तबकडी आणि आत दणकट स्प्रिंग. लाट आदळली की तबकडी मागे रेटली जाई आणि तिचे गज मागच्या बाजूने बाहेर सरकत. गजांवर चामड्याच्या घट्ट चकत्या होत्या. स्प्रिंग तबकडीला परत आणी, पण चकत्या सरकल्या तिथून हलत नसत. ओहोटीला जाऊन अंतर मोजलं, की सगळ्यात मोठ्या तडाख्याचा हिशेब हातात. वीज नाही, घड्याळ नाही. मला तर या चामड्याच्या चकत्यांचंच जास्त कौतुक वाटतं.

स्केरीव्होरला उन्हाळ्यात सरासरी जोर दर चौरस फुटाला ६११ पौंड भरला, हिवाळ्यात २,०८६. मार्च १८४५ च्या वादळात आकडा ६,०८३ वर गेला. म्हणजे चौरस मीटरला जवळजवळ ३० टन, भरलेल्या ट्रकइतका. उत्तर समुद्रातल्या बेल रॉक या खडकावर सर्वाधिक नोंद याच्या निम्मीच होती. अर्थात हा क्षणभराचा मारा, तोही एवढ्याशा तबकडीवरचा. अख्ख्या मनोऱ्यावर एकाच वेळी तेवढा दाब येतो, असं नव्हे.

मनोऱ्याची मोठी हानी झाली ती १९५४ मध्ये, आणि तीही आगीने. १९५९ मध्ये दिवा पुन्हा लागला. १९९४ पासून तो स्वयंचलित आहे.