झोप आणणारा रेणू, ज्याचे जनुकच सापडत नाही

स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात १९६०च्या दशकात मार्सेल मोनिए या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने दोन सशांचे रक्ताभिसरण नळ्यांनी एकमेकांना जोडले. एका सशाच्या मेंदूत, थॅलॅमस नावाच्या खोलवरच्या भागात, तारेसारखे बारीक इलेक्ट्रोड बसवलेले होते. त्यातून विजेचे संथ ठोके दिले की तो ससा झोपेच्या आहारी जाई. मौज पुढेच होती. काही वेळाने दुसऱ्या सशाच्या मेंदूच्या विद्युत आलेखातही, म्हणजे इईजीतही, झोपेच्या लहरी उमटत. त्याच्या मेंदूला विजेचा ठोका मुळीच दिलेला नव्हता. दोघांत सामाईक होते ते फक्त रक्त.

झोप रक्तातून ‘वाहते’ ही कल्पना तेव्हाही नवी नव्हती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये आंरी पिएराँ आणि त्यांच्या सहकाऱ्याने कुत्र्यांना अनेक दिवस जागे ठेवले आणि त्यांच्या मेंदूभोवतालचा द्रव ताज्यातवान्या कुत्र्यांना टोचला. ती कुत्री गाढ झोपली. त्याच सुमारास जपानमध्ये नागोयाला कुनिओमी इशिमोरी स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला पोचले होते. जागरणात काहीतरी साठते, एवढे कळले. ते ‘काहीतरी’ म्हणजे नेमके काय, हे सांगण्याची साधने मात्र दोघांकडे नव्हती.

ती मोनिए यांच्या गटाकडे होती. गीडो शोएनेनबर्गर यांच्यासह त्यांनी झोपवलेल्या सशांच्या मेंदूतून बाहेर येणाऱ्या शिरेतले रक्त घेतले आणि ते डायलिसिसच्या पडद्यातून गाळले. अशा पडद्यातून मोठी प्रथिने पार होत नाहीत, म्हणजे हवा असलेला रेणू छोटाच असणार. गाळलेला द्रव शुद्ध करून दुसऱ्या सशाच्या मेंदूतल्या पोकळीत सोडला, की इईजीवर डेल्टा लहरी वाढत. सेकंदाला चारपेक्षा कमी वेळा उठणाऱ्या या संथ, उंच लहरी म्हणजे गाढ झोपेची खूण. न झोपवलेल्या सशाच्या रक्तातून काढलेल्या द्रवाने तसे होत नसे. प्रत्येक टप्प्यावर द्रवाचे भाग वेगळे करायचे, एकेक भाग नव्या सशावर तपासायचा, गुण दाखवणारा तेवढा पुढे न्यायचा. चिकाटीचे, कंटाळवाणे आणि सशांच्या दृष्टीने निर्दय काम. १९७७ मध्ये रचना हाती आली: ट्रिप्टोफॅनपासून सुरू होऊन ग्लुटामिक आम्लापाशी संपणारी, नऊ अमिनो आम्लांची साखळी. प्रसूतीच्या कळांशी निगडित ऑक्सिटोसिनही नऊच अमिनो आम्लांचे असते. नव्या पेप्टाइडचे इंग्रजी नाव लांबलचक होते. आद्याक्षरांवरून ते झाले डीएसआयपी.

इथवरची गोष्ट पाठ्यपुस्तकात शोभेल अशी आहे. नंतर मात्र घोडे अडले, ते अडलेच.

शरीरात पेप्टाइड तयार होते तेव्हा त्याची पाककृती कुठल्यातरी जनुकात लिहिलेली असते. आधी मोठे प्रथिन बनते, मग त्याचा तुकडा कापला जातो. इन्सुलिन असेच बनते, ऑक्सिटोसिनही. मानवी जनुकसंचाचा नकाशा २००३ मध्ये पूर्ण झाल्याचे जाहीर झाले, तरी डीएसआयपीचे जनुक काही हाती लागले नाही. ज्याला चिकटून हा रेणू पेशीला निरोप देईल असा ग्राहक, म्हणजे रिसेप्टरही, ठामपणे दाखवता आलेला नाही. प्रतिपिंडांच्या चाचण्यांत डीएसआयपीसारखे काहीतरी रक्तात आणि आईच्या दुधातही आढळल्याच्या नोंदी आहेत. पण प्रतिपिंड रेणूचा एखादा भाग ओळखते, साखळी वाचून दाखवत नाही. त्यामुळे या पुराव्यात बरेच पाणी मुरते. त्यातच रक्तातली विकरे पहिले ट्रिप्टोफॅन झपाट्याने तोडून टाकतात आणि मूळ रेणू काही मिनिटांतच विस्कटतो. मात्रा वाढवली की परिणाम वाढेल, असेही होत नाही. मधली मात्रा काम करते, जास्तीची निष्प्रभ ठरते. २००६ मध्ये या विषयाचा आढावा घेणाऱ्या एका शोधनिबंधाच्या शीर्षकातच डीएसआयपीला न सुटलेले कोडे म्हटले होते.

माणसांवरच्या चाचण्यांनीही पदरात फारसे टाकले नाही. १९८०च्या दशकात सुरुवातीचे निष्कर्ष उत्साहवर्धक होते. पण जुनाट निद्रानाशाच्या रुग्णांवर झालेल्या आणि १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या, दुहेरी गुप्तता पाळलेल्या चाचणीत फायदा किरकोळ निघाला. उपचार म्हणून यात फार दम नाही, असेच त्या संशोधकांचे मत पडले.

झोपेच्या द्रव्याचा शोध घेणारे इतर लोक भलत्याच गावी पोचले. हार्वर्डमध्ये जॉन पॅपेनहायमर यांनी जागवलेल्या बकऱ्यांच्या मेंदूद्रवापासून सुरुवात केली. पुढे त्यांच्या गटाने हजारो लिटर मानवी मूत्र गाळून झोप आणणारा घटक मिळवला. १९८२ मध्ये उलगडा झाला की तो जिवाणूंच्या पेशीभित्तिकेचा तुकडा आहे. संसर्ग झाला की गुंगी का येते, याचा एक धागा त्यातून मिळाला.

माझ्या मते खरी कलाटणी १९९८ ची. अमेरिकेतल्या दोन गटांना स्वतंत्रपणे ओरेक्सिन सापडले, आणि तेही झोपेचे नव्हे, जागे ठेवणारे पेप्टाइड! त्याचे जनुक माहीत होते, रिसेप्टर माहीत होते. वर्षभरात कळले की स्टॅनफर्डमधली चालता चालता कोसळणारी डॉबरमन कुत्री याच्याच बिघडलेल्या रिसेप्टरमुळे कोसळतात. हाच आजार, म्हणजे अनावर झोपेची नार्कोलेप्सी, झालेल्या माणसांत ओरेक्सिन बनवणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या आढळल्या. ओरेक्सिनचे रिसेप्टर अडवणाऱ्या सुव्होरेक्सांट या गोळीला २०१४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने मान्यता दिली. जनुक, रिसेप्टर, आजार, औषध अशी सगळी साखळी सोळा वर्षांत जुळली. डीएसआयपीची पहिली कडी अजून मिळायची आहे.

तरीही डीएसआयपी मिळते. काचेच्या छोट्या कुपीच्या तळाशी, गोठवून सुकवलेल्या पांढऱ्या पुडीचा पातळ थर. उणे वीस अंशांवर, उजेडापासून दूर ठेवायचा, कारण ट्रिप्टोफॅनचे ऑक्सिडीकरण होते. लेबलवर ‘फक्त संशोधनासाठी’. उंदरांवरच्या ताणाच्या किंवा झोपेच्या प्रयोगांत त्याचा वापर समजण्यासारखा आहे. पण इंटरनेटवर हीच कुपी ‘गाढ झोपेचे पेप्टाइड’ म्हणून माणसांच्या गळ्यात मारली जाते. ते लेबल विक्रेत्याला औषधाच्या नियमांतून पळवाट देते. टोचून घेणाऱ्याला मात्र पुडीच्या शुद्धतेची, निर्जंतुकतेची किंवा योग्य मात्रेची कसलीही हमी त्यातून मिळत नाही. एफडीएने डीएसआयपीला औषध म्हणून मान्यता दिलेली नाही.

ही कुपी विकत घेऊन टोचून घेऊ नका. आठवड्यातून तीन-तीन रात्री, तीन महिने झोप लागत नसेल तर डॉक्टरांकडे जा आणि सीबीटी-आय या वर्तनोपचाराबद्दल विचारा. जुनाट निद्रानाशासाठी गोळीच्या आधी हाच उपचार करावा, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये केली आहे.